सोनगीर ते धडगाव: तांब्या, खापर आणि सूप

खान्देशात आलेला पाहुणा जाताना केळीचे वेफर, काळा मसाला आणि जमलं तर जळगावच्या सराफ्यातला एखादा दागिना घेऊन जातो. हाताने घडवलेली वस्तू मात्र फारच थोडे जण नेतात, कारण ती पर्यटकांच्या दुकानात मिळत नाही. ती मिळते इथल्या लोकांच्या रोजच्या बाजारात, धुळ्याहून सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा करत धडगावला चढणाऱ्या एकाच रस्त्यावर. या रस्त्यावरचा सगळाच माल चांगला नाही, आणि सगळा खान्देशचाही नाही. ज्या वस्तू इथली घरं अजून स्वतःसाठी घेतात, त्यांच्यात दम आहे. फक्त दाखवायला मांडलेला माल बहुतेक बाहेरून आलेला असतो.

धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावर साधारण 20 किलोमीटरवर सोनगीर लागतं. किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव तांबटांचं. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद आहे. हंडा, कळशी, घागर, घंगाळ, परात, तपेली, बंब, तांब्या आणि देवघरातली ताम्हनं-समया असा सगळा माल गावात दिसतो. लेकीला आंदण द्यायचं असो की वास्तुशांतीचं भांडं, तांब्या-पितळेसाठी या भागात पहिलं नाव सोनगीरचंच निघतं. पूर्ण रस्त्यावर एकच खरेदी करायची असेल, तर ती इथे करा.

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा नको. भांडं घडीव आहे, ओतीव आहे की यंत्रावर दाबलेलं, ते आधी विचारा. घडीव म्हणजे पत्रा ठोकून केलेलं: हंडा, कळशी, घंगाळ. ओतीव म्हणजे साच्यात रस ओतून केलेलं: समई, घंटा, जाड बुडाची काही पातेली. तिसऱ्या प्रकारात फिरत्या साच्यावर पत्रा दाबून केलेला माल येतो. तो गुळगुळीत दिसतो, हलका असतो आणि स्वस्तही. वाईट म्हणता येणार नाही, पण हातकामाचा भाव त्याला देऊ नये. मूर्ती, नक्षीच्या सुरया, रंग भरलेले मोर यांतलं बरंचसं मुरादाबादकडून येतं. सरळ विचारलं तर चांगला दुकानदार तसं सांगतोही.

घडीव भांड्याच्या अंगावरचे ठोके म्हणजे मठारकाम. ते निव्वळ शोभेचं नाही. तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा ठोकल्याने कडक होतो, आणि त्या कडकपणामुळेच भरलेला हंडा डोक्यावर घेतला तरी पोचत नाही. हाताचं मठारकाम ओळखायचं तर भांडं उजेडात तिरपं धरा. ठोके ओळीने, गोल फिरत वर चढतात, एकमेकांवर किंचित चढलेले असतात, आणि कोणतेही दोन ठोके अगदी सारखे नसतात. यंत्राने उठवलेल्या खळग्यांची नक्षी ठरावीक अंतरावर जशीच्या तशी पुन्हा येते. मग अंगठ्याने पोट दाबून पाहा. मठारलेलं भांडं दबत नाही. पातळ, न मठारलेलं भांडं टपकन आत जातं आणि बाहेर येतं.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. आकडा मोठा, तेवढा पत्रा पातळ. 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 गेज 0.9, 22 गेज 0.7 आणि 24 गेज जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाण्याच्या कळशीला 22 चालतं. विस्तवावर चढणाऱ्या पातेल्याला 20 किंवा त्याहून जाड घ्या, नाहीतर एका जागी तापून अन्न करपतं. गेज कुणी सांगत नसेल तर एकाच मापाची दोन भांडी आळीपाळीने तराजूवर ठेवा. एकाच धातूच्या आणि सारख्याच घडणीच्या दोन भांड्यांत जे वजनाला जास्त भरेल त्याचा पत्रा जाड.

भाव किलोवर असतो. कच्च्या धातूचा त्या दिवसाचा दर, घडणावळ आणि कर हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा. एकत्र सांगितलेल्या भावात घडणावळ किती धरली ते कळत नाही, आणि मग घासाघीस आंधळी होते. घरचं जुनं, फुटकं तांबं-पितळ सोबत आणलंत तर ते मोडीत घेतात. मोडीचा दर नव्या धातूपेक्षा कमीच असणार. तो कमी का, यावर वाद घालण्यापेक्षा मोड आपल्या डोळ्यांसमोर तोलून घ्यावी आणि पितळ तांब्यापासून वेगळं तोलायला लावावं. दोन्ही एकत्र टाकलं की सगळ्याला पितळेचा दर लागतो.

खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. तांबं आणि पितळ दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. पोटाला चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर तांब्याचा मुलामा. काठाला चिकटलं तर मात्र लगेच भेसळ समजू नका. काही परातींच्या आणि बादल्यांच्या काठात मजबुतीसाठी लोखंडी तार घालून पत्रा वर दुमडतात. ती पद्धत जुनीच आहे. तोट्याच्या गोष्टी दोन: ती तारही तांब्याच्या भावाने तोलली जाते, आणि दुमड उघडी राहिली तर पाणी शिरून तार गंजते, काठाखाली तांबडे ओघळ येतात. म्हणून काठाची दुमड बोटाने पूर्ण फिरून तपासा.

हंड्याचा खरा कस जोडात लागतो. बूड, पोट आणि गळा हे तुकडे वेगळे घडवून झाळलेले असतात. चांगल्या जोडात दोन्ही कडांना दाते कापून ते एकमेकांत बसवतात, टाकणखार लावतात आणि पितळी डाग देतात, म्हणजे पितळ वितळवून सांधा भरतात. अशा जोडाची रेघ पिवळसर, नागमोडी आणि धातूच्या पातळीत बसलेली असते. राखाडी, फुगीर, मेणासारखी दिसणारी रेघ म्हणजे कथील-शिशाचा कच्चा डाग. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात तो नको, कारण शिसं पोटात जातं. बंबाला तर मुळीच नको. पाणी आटून भांडं कोरडं तापलं की तो डाग वितळतो आणि जोड उकलतो. दुकानात पाणी मागा, भांडं गळ्यापर्यंत भरा, कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवा. जोड आणि कानाचे रिव्हेट, दोन्हीकडून कागद कोरडा राहिला पाहिजे. ही मागणी सोनगीरमध्ये कुणाला खटकत नाही. खटकली, तर शेजारच्या दुकानात जा.

फार झगझगीत भांड्यावर पारदर्शक रोगण असतं, त्यामुळे ते महिनोन् महिने काळं पडत नाही. शोभेच्या वस्तूला हरकत नाही, पण पाण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या भांड्याला रोगण नको. लिंबाची फोड मिठात बुडवून बुडाच्या कोपऱ्यावर घासा. उघडं तांबं क्षणात गुलाबी उजळतं, रोगणाखालचं तसंच राहतं. तांब्याच्या बाटल्यांची शिफारस मात्र नाही. गळ्यातून हात जात नाही, आतला हिरवा थर निघत नाही, आणि बहुतेक बाटल्या यंत्रावरच्या असतात. त्याच पैशात झाकणाचा चांगला जड तांब्या येतो.

पितळेचं पातेलं घेतलंत तर कल्हई करूनच न्या. पितळेत आंबट शिजवलं की ते कळकतं. चिंच, ताक, टोमॅटो, कोकम काहीही असो, धातू अन्नात उतरतो. कल्हईवाला भांडं आधी घासून स्वच्छ करतो, भट्टीवर तापवतो, आत नवसागर टाकतो. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने तो रस सगळीकडे फिरवतो. कल्हई नीट लागली तर आतून सलग चंदेरी रंग येतो. काळे ठिपके राहिले तर तिथे मळ किंवा तेल होतं आणि कथील धरलं नाही. ते तिथल्या तिथे पुन्हा करून मागा. पांढऱ्या कापडाने कोरडं घासून बघा. भांडं धुतल्यावरही कापडावर राखाडी वंगण येत राहिलं, तर ती कल्हई नको. कथील 232 अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये. फोडणीही त्यात देऊ नका, कढल्यात करून वरून ओता. तारेचा घासा लावला तर कल्हई लवकर निघते. राख किंवा मऊ काथ्या पुरे.

दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. तिथे आणि शहाद्यात खरेदीला थांबायचं ते कुंभाराकडे, खापरासाठी. खान्देशात पुरणपोळी म्हणजे मांडा, आणि मांडा म्हणजे खापर. चुलीवर पालथं घातलेलं हे मातीचं मोठं, उथळ भांडं. हातावर फिरवून मोठी केलेली पोळी त्याच्या घुमटावर पडते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दोन-तीन आठवडे खापर घ्यायला उत्तम. त्या सणाला घागर भरायची असल्याने कुंभारवाड्यात भट्ट्या पेटलेल्या असतात आणि माल भरपूर असतो. पावसाळ्यात माती वाळत नाही, तेव्हा जुना उरलेला माल मिळतो.

खापर एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की. भद्द वाजलं तर कच्चं आहे किंवा केसाएवढी चीर आहे. डोळ्याने न दिसणारी चीर पाण्याने दिसते. बाहेरून ओलं फडकं फिरवा, पाणी सुकताना चिरेची रेघ सर्वांत शेवटी सुकते. मातीत पांढरे खडे दिसले तर ते चुनखडीचे. भाजताना त्यांचा चुना होतो, मग हवेतली ओल शोषून ते फुगतात आणि वरचं कवच उडतं. घुमटाचा वरचा भाग आणि कडा यांची जाडी सारखी हवी. ती बोटांच्या चिमटीत पकडून समजते. काठ सपाट जमिनीवर पालथा ठेवून हलवा. डुगडुगलं तर चुलीवरही डुगडुगेल आणि पोळी टाकताना कलंडेल.

शहरातल्या घरी नेणाऱ्यांनी एक विचार आधी करावा. गॅसची ज्योत फक्त मधोमध लागते. मध्यभाग तापतो, कडा गार राहतात, आणि माती त्या ताणाने तडकते. चूल किंवा रुंद भट्टी नसेल तर दीड फुटाचं खापर नेण्यात अर्थ नाही. लहान मापाचं मागा आणि आच अगदी मंद ठेवून अर्धा तास तापवा. नव्या खापराला पहिला जाळ नेहमी हळूच द्यायचा. ओलसर असेल तर आधी दोन दिवस उन्हात ठेवा. तापलेल्या खापरावर गार पाण्याचा हबका म्हणजे त्याचा शेवट. पुसायचं तर कोरड्या जाड फडक्याने. प्रवासात ते आडवं ठेवू नये. पेंढ्यात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळून, कडेवर उभं, दोन मऊ पिशव्यांच्या मध्ये ठेवा.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, तापीच्या काठी, घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली. तिथे लगाम, खोगीर, तोबरे, गोंडे, घुंगरमाळा मांडलेल्या असतात. चामड्याचा बराच साज उत्तरेकडून येतो. तो घोडेवाल्यांच्या कामाचा आहे, घरात टांगायला नेण्याइतकं खान्देशी त्यात काही नाही. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ मात्र चांगली घेण्यासारखी: पितळेचं ओतीव घुंगरू, आत खडा, कातडी किंवा सुती पट्टा. प्रत्येक घुंगरू वेगळं हलवून ऐका. पत्र्याचं घुंगरू खुळखुळतं, ओतीव नाद लांबवतं. पोळ्याच्या आधी हीच माळ, मोरखी आणि कासरे शहादा-दोंडाईच्याच्या बाजारात कमी गर्दीत मिळतात.

शहाद्याहून धडगावला घाट चढावा लागतो. सातपुड्यातल्या धडगाव, मोलगीसारख्या आठवडे बाजारांना लोक दूरच्या पाड्यांवरून येतात, म्हणून बाजार उशिरा रंगतो आणि परतीची वाट लांब असल्याने दुपार कलताच मोडतो. बाजाराचा वार निघण्याआधी शहाद्याच्या बस स्टँडवर विचारून घ्या. सुटे पैसे जवळ हवेत. डोंगरात मोबाइलची रेंज दगा देते, तिथे ऑनलाइन पैशांवर भिस्त ठेवता येत नाही.

इथे घ्यायचं ते बांबूचं काम: सूप, टोपली, दुरडी. कोंबड्यांचं डालगं आणि धान्याची कणगीही असते, पण ती गाडीच्या टपावरच बसेल. बांबूच्या काडीला दोन बाजू असतात. बाहेरची पाठ गुळगुळीत, चकचकीत, टणक. आतला गर पांढुरका, मऊ. पाठीच्या काड्यांची टोपली पिढी काढते, गराची दोन-तीन पावसाळ्यांत ढिली पडते. दोन्ही मिसळून विणलेली टोपली बाजारात सर्रास असते आणि रोजच्या वापराला चालते. बूड आणि काठ मात्र पाठीच्या काडीचे आहेत ना, एवढं नखाने खरवडून बघा. पाठीवर नख घसरतं, गरात रुततं.

बांबूचा खरा शत्रू कीड. बांबूत पिठूळ अंश जास्त असेल तर त्यावर भुंगेरे येतात. टोपली काळ्या कापडावर पालथी घालून तीन-चार वेळा थोपटा. पिवळसर भुकटी पडली किंवा टाचणीएवढी छिद्रं दिसली तर ती ठेवून द्या, कितीही सुबक असो. हिरवी, ओलसर, वजनाला जड टोपलीही टाळावी. वाळताना काड्या आकसतात आणि वीण सैल होते. धुराने पिंगट झालेली टोपली दिसायला जुनाट वाटते, पण सर्वांत टिकाऊ तीच. चुलीच्या धुरावर राहिलेल्या बांबूला कीड लवकर लागत नाही.

सूप घेताना मूठभर ज्वारी मागून प्रत्यक्ष पाखडून बघा. दाणा मागे सरकून कोनात जमला पाहिजे आणि फोलपट पुढच्या ओठावरून उडालं पाहिजे. दाणे एकाच बाजूला पळत असतील तर सूप पिळलेलं आहे. ते नंतर सरळ होत नाही. पुढची कड सरळ रेषेत हवी, आणि विणीतून तांदळाची कणी खाली पडता कामा नये. घरी आणल्यावर भिजवून वाटलेली मेथी आतून सारवा, वर पातळ कागदाचे तुकडे चिकटवा आणि सावलीत वाळवा. फटी बुजतात, सूप वर्षानुवर्षं टिकतं.

इथे घासाघीस करू नका. तांब्याच्या दुकानात दर, वजन, मजुरी सगळं मोजता येतं, तिथे बोलणं रास्त आहे. टोपलीच्या किमतीत बांबू तोडणं, तो डोंगरातून वाहून आणणं, चिरणं, सोलणं आणि विणणं सगळं धरलेलं असतं, आणि तरीही ती मिठाईच्या डब्याहून स्वस्त पडते. "ताई, केवढ्याला?" एवढं विचारून सांगितलेले पैसे द्यावेत. खालच्या मैदानात अहिराणीत "हाई कितलाले शे?" विचारलं की गप्पा रंगतात, पण इथे पावरी आणि भिलोरी चालते. मराठीत हळू बोललं तरी काम होतं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात हेच बाजार भोंगऱ्या होतात आणि तेव्हा दागिन्यांची दुकानं दाट लागतात. हसळी, कडी, करदोडा, वाक्या या घडणी देखण्या आहेत, पण चांदीच्या शेजारीच गिलट मांडलेलं असतं. जर्मन सिल्व्हर म्हणून विकतात त्यात चांदी अजिबात नसते, तांबं-निकेल-जस्ताचं ते मिश्रण. हौसेपुरतं घ्यायचं तर गिलट गिलटाच्या भावाने खुशाल घ्या. चांदी हवी असेल तर शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या सराफाकडून, शुद्धतेचा आकडा आणि वजन लिहिलेल्या पावतीवर. जाड कडं पोकळ आहे का, आत लाख भरली आहे का, हेही विचारा. लाखेचं वजन चांदीच्या भावाने देऊ नये.

काठी गावच्या होळीत बुध्या (नवसाचे नाचणारे) झालेल्या माणसांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला भोपळ्यांची-घुंगरांची माळ असते. तो नवसाचा पेहराव आहे. अंगावरचा साज विकत मागणं गैर, आणि फोटोसुद्धा विचारूनच काढावा. बाजारात सुटी मोरपिसं मिळतात. नैसर्गिकपणे गळलेली पिसं देशात बाळगता येतात, परदेशी नेता येत नाहीत, हे बाहेरगावी राहणाऱ्या नातेवाइकांना भेट देताना लक्षात ठेवा. तीर-कामठा घेतलात तर तोही जपून न्या. विमानाने जाणाऱ्यांनी तीर हातातल्या बॅगेत ठेवू नयेत.

घरी पोचल्यावर बांबूचा माल दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मगच आत घ्या. सूप भिंतीला टेकवून ठेवू नका, खिळ्याला टांगा. पहिल्या पावसाळ्यात त्याच्याखालची फरशी अधूनमधून बघत राहा. भुकटी दिसली तर त्याच दिवशी पुन्हा ऊन दाखवा आणि बाकीच्या टोपल्यांपासून ते वेगळं करा.